हात किती गेला ते डॉक्टर सांगतील. रोजी किती गेली ते कोण सांगणार?

कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करताना कामगाराची एका हाताची चार बोटे गेली, तर कायद्याच्या कोष्टकात त्या इजेपुढे ५० हा आकडा छापलेला आहे. अंगठा गेला तर ३०. दोन बोटे गेली तर २०. अंगठ्यासह चारही बोटे किंवा सबंध पंजा गेला तर ६०. हे आकडे शेकड्याचे आहेत. कामगाराची कमावण्याची ताकद शंभरातून किती कमी झाली ते या आकड्याने ठरते, आणि त्यावरूनच भरपाईची रक्कम ठरते.

हे कोष्टक १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि तो कायदा तिच्यात सामावला गेला. पण टक्केवारी लावून भरपाई काढण्याची रीत नव्या संहितेनेही पुढे चालवली आहे. ज्यांना ई.एस.आय. लागू आहे, त्यांची टक्केवारी तेथील वैद्यकीय मंडळ ठरवते. म्हणजे वाट कोणतीही असो, गाडी येऊन थांबते ती टक्क्यापाशी.

हा टक्का किती महत्त्वाचा आहे, ते हिशेबाने पाहू. समजा, कामगाराचे वय ३० वर्षे आहे आणि भरपाईसाठी धरलेला पगार महिना १०,००० रुपये आहे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर पगाराचे ६० टक्के, म्हणजे ६,००० रुपये घेऊन त्यांना वयाच्या गुणकाने गुणायचे. ३० वर्षे वयाचा गुणक २०७.९८ आहे. उत्तर येते १२,४७,८८० रुपये. आता चार बोटांचे ५० टक्केच धरले तर हातात पडतील ६,२३,९४० रुपये. इजा तीच, माणूस तोच. पण 'हा माणूस आपल्या कामातून पुरता उठला' असे ठरले की रक्कम दुप्पट होते. मुलांचे शिक्षण, म्हाताऱ्यांचे औषधपाणी आणि घरभाडे या फरकावर अवलंबून असते.

सुताराचा हात आणि कारकुनाचा हात

कोष्टकात एक मोठी उणीव आहे. बोट कोणाचे, हे त्याला कळत नाही. या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रत्येक कामगार कुटुंबाला ठाऊक असावेत असे आहेत.

पहिला निकाल डिसेंबर १९७५ चा आहे. ओरिसातील एका सिनेमागृहात नक्षीचे लाकूडकाम करताना श्रीनिवास सबाता हा सुतार खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचे म्हणणे होते की, एकच हात गेला आहे, तेव्हा हे अंशतः अपंगत्व समजा. भरपाई आयुक्तांनी ते मानले नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान १०० टक्के, असे त्यांनी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले. कारण कायद्यात पूर्ण अपंगत्वाची व्याख्याच अशी आहे की, अपघाताच्या वेळी जी जी कामे करण्यास कामगार समर्थ होता, ती सारी करण्यास तो असमर्थ झाला पाहिजे. हात किती इंच उरला यापेक्षा कोणते काम उरले, हे तेथे पाहिले गेले.

दुसरा निकाल ऑक्टोबर २०१० चा, राजकुमार विरुद्ध अजयकुमार या रस्ता अपघाताच्या खटल्यातला. त्यात न्यायालयाने दिलेले उदाहरण सोपे आहे. डावा हात गेला तर शरीराचे अपंगत्व सुमारे ६० टक्के धरले जाईल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ सगळीच गेली. आणि तो सरकारी कारकून असेल तर कदाचित त्याची नोकरीही जाणार नाही. मी स्वतः कारकून आहे, म्हणून हे उदाहरण मला चटकन पटले. माझे काम एका हाताने रखडत का होईना, होईल. माझ्या शेजारच्या फिटरचे होणार नाही.

याच निकालात न्यायालयाने कामाची वाटणीही करून दिली. शरीराचे कायमचे अपंगत्व किती, एवढेच डॉक्टरांनी सांगायचे. त्यामुळे कमाई किती बुडाली, हे न्यायाधिकरणाने ठरवायचे. त्यासाठी अपघातापूर्वी माणूस काय काम करीत होता, त्याचे वय काय, आता त्याला काय जमते आणि काय जमत नाही, आणि दुसरे काही करून तो पोट भरू शकेल का, हे सारे तपासायचे. मात्र ही मोजणी दोन्ही बाजूंनी चालते, हेही ध्यानात ठेवावे. त्या खटल्यातल्या चीज विकणाऱ्या अर्जदाराच्या दाखल्यावर एका पायाचे ४५ टक्के अपंगत्व लिहिले होते. न्यायालयाने त्याच्या कमाईचे नुकसान २० टक्के धरले.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. हाडे आणि स्नायू यांचे जाणकार डॉक्टर आहेत. कायद्याचे जाणकार वकील आणि न्यायाधीश आहेत. पण कामाचा जाणकार कोण? प्रेसवर किती जोर लागतो, गवंड्याच्या हाताखालच्या बाईला डोक्यावर किती किलोचे घमेले न्यावे लागते, शिलाई मशीन पायाशिवाय चालेल का, पंचेचाळिशीतल्या सातवी शिकलेल्या माणसाला बसून करायचे काम बाजारात कोण देईल, हे शपथेवर सांगणारा माणूस आपल्या खटल्यांत सहसा नसतोच.

अमेरिकेतील व्यवसायतज्ज्ञ

आपल्याकडे जी तपासणी न्यायाधीशाला समोर आलेल्या कागदांवरून एकट्याने करावी लागते, तिच्यासाठी अमेरिकेत एक स्वतंत्र पेशाच तयार झालेला आहे. त्याला व्होकेशनल एक्स्पर्ट म्हणतात. आपण व्यवसायतज्ज्ञ म्हणू.

तेथे अपंगत्वामुळे काम सुटलेल्या माणसाला सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याकडून दरमहा पैसे मिळतात. पण तेथील अट आपल्यापेक्षा कडक आहे. जुने काम जमत नाही एवढ्याने भागत नाही. देशात पुरेशा संख्येने असलेले दुसरे कोणतेही काम जमणार नाही, असे ठरावे लागते. १९६० मध्ये कर्नर नावाच्या अर्जदाराच्या खटल्यात तेथील अपील न्यायालयाने खात्याला दोन प्रश्न विचारले. हा माणूस काय करू शकतो? आणि एवढेच करू शकणाऱ्याला काम कोठे आहे? खात्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर १९६२ पासून सुनावणीत व्यवसायतज्ज्ञ बोलावण्याची पद्धत पडली.

सुनावणी अशी चालते. अर्जदाराची पूर्वीची कामे हलकी होती की जड, कसबाची होती की बिनकसबी, हे तज्ज्ञ आधी सांगतो. मग न्यायाधीश एक कल्पित माणूस उभा करतो. त्याचे वय इतके, शिक्षण इतके, दहा किलोपेक्षा जास्त उचलता येत नाही, दर अर्ध्या तासाने उठावे लागते, उजव्या हाताची पकड नाही. अशा माणसाला कोणते काम आहे? तज्ज्ञ कामांची नावे आणि देशात अशा किती जागा आहेत त्यांचे आकडे सांगतो. मग अर्जदाराचा वकील उलटतपासणी घेतो. महिन्यात चार दिवस दुखण्यामुळे खाडा झाला तर मालक ठेवून घेईल का, असा एखादा साधा प्रश्नही कधी कधी सारे चित्र पालटतो.

कामगारांच्या अपघाताच्या भरपाईत, मोटार अपघाताच्या दाव्यांत आणि घटस्फोटाच्या पोटगीतही असे तज्ज्ञ साक्ष देतात. तेथे त्यांना पक्षकार आपापल्या खर्चाने आणतात. म्हणूनच प्रश्न आला की, उद्या कोणीही उठून स्वतःला तज्ज्ञ म्हणवू लागला तर?

प्रमाणपत्र कशाचे आणि कशासाठी

या प्रश्नातून प्रमाणपत्रे आली. पुनर्वसन समुपदेशकांना प्रमाणपत्र देणारा एक आयोग तेथे १९७४ मध्ये स्थापन झाला. एम.ए.च्या दर्जाचे शिक्षण आणि लेखी परीक्षा झाल्यावर 'सर्टिफाइड रिहॅबिलिटेशन कौन्सेलर' ही पदवी नावापुढे लावता येते. तीही कायमची नसते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी मधल्या काळात शिकत राहिल्याचे पुरावे द्यावे लागतात. आयोगाची आचारसंहिता आहे आणि ती मोडणाऱ्याविरुद्ध तक्रार करता येते. न्यायालयात साक्ष देणाऱ्यांसाठी अमेरिकन बोर्ड ऑफ व्होकेशनल एक्स्पर्ट्स ही वेगळी संस्था आहे. ती शिक्षण आणि परीक्षेबरोबर प्रत्यक्ष कामाचा अनुभव पाहते, आणि उमेदवाराने लिहिलेला अहवालही जाणकारांकडून तपासून घेते.

अशा प्रमाणपत्राचा कामगाराला उपयोग काय? तज्ज्ञाचे म्हणणे आपल्या विरुद्ध गेले, तरी तो परीक्षा देऊन आलेला आहे, त्याला नियम आहेत आणि ते मोडले तर दाद मागायला जागा आहे, एवढी हमी त्याला मिळते. तज्ज्ञ कंपनीने आणलेला असला तरी त्याला आपला पेशा सांभाळायचा असतो.

पण प्रमाणपत्राने सारे भागते असेही नाही. बिएस्टेक विरुद्ध बेरिहिल हा खटला त्यासाठी पाहण्यासारखा आहे. बिएस्टेक हा बांधकामावर अंगमेहनतीचे काम करणारा माणूस. सुनावणीत तज्ज्ञ बाईंनी सांगितले की, तो टेबलाशी बसून सुटे भाग जोडण्याचे किंवा माल निवडण्याचे काम करू शकतो. पहिल्या कामाच्या देशात २,४०,००० आणि दुसऱ्याच्या १,२०,००० जागा आहेत. आकडे आणले कोठून, असे वकिलाने विचारले. काही भाग स्वतः केलेल्या पाहणीतला आहे, असे उत्तर आले. ती पाहणी दाखवा म्हटल्यावर, त्यात इतरांची खासगी माहिती आहे म्हणून नकार मिळाला, आणि न्यायाधीशाने तो मान्य केला. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल २०१९ मध्ये सहा विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल लागला की, केवळ पाहणीचे कागद दिले नाहीत म्हणून तज्ज्ञाची साक्ष आपोआप बाद होत नाही. प्रत्येक खटल्यात ती किती विश्वासार्ह आहे ते पाहावे. बिएस्टेक हरला. पण ज्या कागदावर आपली रोजी ठरते तो कागद आपल्याला पाहायला मिळू नये, ही गोष्ट तीन न्यायमूर्तींनाही पटली नाही.

दुसरी उणीव त्या तज्ज्ञांच्या ग्रंथाची. कामांची नावे आणि वर्णने असलेला एक जाडजूड सरकारी कोश तेथे वापरतात. त्यात बारा हजारांहून अधिक कामे आहेत. त्याची पहिली आवृत्ती १९३९ ची आणि शेवटची सुधारणा १९९१ ची. त्यानंतर संगणक आला, यंत्रे आली, कितीतरी कामे नाहीशी झाली. तरी दाणे निवडणारा, लाकडी खुंट्या तपासणारा, हवेच्या नळीतून कागद पाठवणारा, असली नावे सांगून 'तुम्हाला काम आहे' म्हणून माणसांचे अर्ज नामंजूर होत राहिले. शेवटी जून २०२४ मध्ये खात्याने ११४ कामे अशी काढली की, ती आता देशात जवळजवळ उरलेलीच नाहीत आणि त्यांच्या आधारे अर्ज नाकारायचा नाही. आणखी काही कामांसाठी जादा पुरावा मागण्याचे ठरले.

या दोन्ही गोष्टींतून एकच धडा मिळतो. तज्ज्ञ प्रमाणित असावा, आणि तरीही त्याला 'हे तुम्ही कशावरून सांगता' असे विचारण्याचा हक्क कामगाराला असावा. एक असून दुसरे नसेल तर प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर शोभते, इतकेच.

आपल्याकडे काय आहे

आपल्याकडे काहीच नाही असे म्हणणे बरोबर होणार नाही. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषद स्थापन झाली. अपंगांच्या पुनर्वसनाचे काम करणाऱ्यांची ती नोंदणी करते, आणि नोंदणीशिवाय ते काम करण्यास कायद्याने मनाई आहे. ज्या व्यावसायिकांची नोंदणी व्हायची त्यांच्या यादीत व्यवसाय समुपदेशक, रोजगार अधिकारी आणि नोकरी मिळवून देणारे अधिकारी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे कामाचा जाणकार कायद्याला ठाऊक आहे. पण भरपाईच्या खटल्यात त्याला बोलावण्याची रीत पडलेली नाही.

मुंबईत १९६८ पासून केंद्र सरकारचे अपंगांसाठीचे व्यवसाय पुनर्वसन केंद्र आहे. आता त्याचे नाव दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र असे आहे. माणसाच्या अंगात कोणती ताकद उरली आहे, कोणते काम त्याला जमेल, हे तेथे प्रत्यक्ष काम करून घेऊन तपासतात, थोडे प्रशिक्षण देतात आणि रोजगारासाठी मदत करतात. असा तपासणी अहवाल हाती असेल तर तो खटल्यात पुरावा म्हणून मांडण्याविषयी वकिलाला जरूर विचारावे.

महापालिकेत, एस.टी.त किंवा इतर सरकारी आस्थापनेत नोकरी असेल तर आणखी एक संरक्षण आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कामावरून काढता येत नाही किंवा दर्जा कमी करता येत नाही. आधीचे काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या जागी बदली द्यावी लागते, आणि तशी जागा नसेल तर जादा जागा निर्माण करून माणूस तेथे ठेवावा लागतो. सफाई कामगार, ड्रायव्हर, वॉर्डबॉय अशा आपल्या बांधवांनी 'मेडिकल अनफिट' म्हणून राजीनाम्याचा कागद पुढे आला, तर सही करण्याआधी हे कलम वाचून घ्यावे.

आपणच आपल्या कामाचे तज्ज्ञ

आपल्या न्यायालयांत व्यवसायतज्ज्ञ येईल तेव्हा येईल. तोपर्यंत त्याचे काम घरच्यांनी, संघटनेने आणि वकिलाने मिळून करायचे आहे. त्यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. पुढील गोष्टी मात्र वेळेवर व्हायला हव्यात.

पहिली गोष्ट, कामाचे वर्णन लिहून काढा. 'कामगार' किंवा 'हेल्पर' एवढे पुरत नाही. मशीन कोणते, कोणत्या हाताने काय धरायचे, किती वजन उचलायचे, किती तास उभे राहायचे, वर चढावे लागते का, हे सगळे लिहा. सोबतच्या दोन-तीन कामगारांची साक्ष देण्याची तयारी असेल तर उत्तमच. सरकारने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण, २०१५ मध्ये निरनिराळ्या कामांची वर्णने आहेत. आपल्या कामाचे वर्णन त्यातून काढून जोडता येते.

दुसरी, डॉक्टरांकडून फक्त टक्के लिहून घेऊ नका. पकड किती राहिली, किती वजन उचलता येईल, किती वेळ उभे राहता येईल, जिना चढता येईल का, हे शब्दांत लिहून देण्याची विनंती करा. न्यायाधीशाला कामाशी ताळा घालण्यासाठी हीच माहिती लागते. एस.टी. पाससाठी काढलेला ४० टक्क्यांचा दाखला आणि कमाईच्या नुकसानीची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखल्यावर ४० आहे म्हणून भरपाईही ४० टक्क्यांचीच, असे कोणी सांगितले तर ते बरोबर नाही.

तिसरी, पगाराचा पुरावा. पगारपत्रक, बँकेचे पासबुक, भविष्यनिर्वाह निधीचा आणि ई.एस.आय.चा नंबर, हजेरी कार्ड, ठेकेदाराने दिलेली चिठ्ठी, जे असेल ते एका पिशवीत ठेवा. काहीच नसेल तर आपले काम कुशल होते हे सिद्ध करा, म्हणजे निदान कुशल कामगाराचे किमान वेतन धरावे असे सांगता येईल.

चौथी, बिएस्टेकच्या वकिलाने विचारलेला प्रश्न आपणही विचारायला शिका. समोरची बाजू म्हणेल, 'हा वॉचमन म्हणून काम करू शकतो.' त्यावर विचारा, कोठे? किती पगारावर? रात्रपाळीत एका हाताचा वॉचमन कोणती एजन्सी ठेवते? मालक हलके काम द्यायला तयार असेल तर पगार आणि काम दोन्ही लेखी मागा.

पाचवी, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका, आणि दाव्याची मुदत चुकवू नका. अपघात २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीचा की नंतरचा, हेही वकिलाला स्पष्ट सांगा. कोणता कायदा लागू होईल ते त्यावरून ठरेल.

घरातील स्त्रियांच्या बाबतीत तर हे सारे अधिक काळजीने करावे लागते. बिगारी, शिवणकाम, धुणीभांडी किंवा भाजीविक्री करणाऱ्या बाईचा हात-पाय गेला की, 'ती घरीच तर असते' असे बोलून तिची कमाई शून्यावर आणण्याचा प्रयत्न होतो. तिच्याकडे पगारपत्रक नसते. म्हणून ज्या घरी ती काम करीत होती तेथील मंडळींचे, कपडे शिवून नेणाऱ्या दुकानदाराचे किंवा शेजारच्या गाळेवाल्याचे जबाब घ्यावेत. तिचे काम किती तासांचे आणि किती कष्टाचे होते, ते कोणीतरी कागदावर आणले तरच न्यायाधीशाला दिसेल.

आणि एक विनंती आपल्या शिकलेल्या मुलामुलींना. बी.ए., बी.कॉम. किंवा समाजकार्याची पदवी घेऊन पुढे काय, असा प्रश्न पडतो, तेव्हा पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांचीही चौकशी करा. ज्या मुलाने बापाला लेथवर उभे राहून काम करताना पाहिले आहे, ज्या मुलीने आईच्या हातावरचे घट्टे पाहिले आहेत, त्यांना कामाची किंमत पुस्तकातून शिकावी लागणार नाही. त्या अनुभवाला शिक्षणाची आणि नोंदणीची जोड मिळाली, तर उद्या एखाद्या खटल्यात उभे राहून ते अधिकाराने सांगू शकतील की, साहेब, कोष्टकात ५० लिहिले आहे खरे, पण या माणसाचे काम सगळेच गेले आहे.